सकाळच्या बसचा अर्ज

आमच्या वॉर्डाच्या पार्षदबाईच्या, म्हणजे नगरसेविकेच्या, नवऱ्याने मला फसवलं. अर्ज माझा होता, सह्या माझ्या बायांच्या होत्या, आणि त्या अर्जाचा आधार घेऊन पालिकेने जे पास केलं ते आम्हाला नको होतं. कागदावर मागितलेलं होतं, हे खरं आहे. पण ते घ्यायला मागितलेलं नव्हतं. ज्याने बाजारात उभं राहून कधी घासाघीस केली आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्या माणसाला तर मी तोंडाने समजावूनही सांगितला होता.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात शाळेचे युनिफॉर्म शिवते. खाली भांड्यांचं दुकान, वर माझी लांबट खोली, आठ मशीन, एक कटिंगचं टेबल. वडील रेल्वेत गँगमन होते, नागपूरकडून बदली होऊन इकडे आले आणि इथेच राहिले. नवऱ्याचं घर मी सोडलं तेव्हा माझ्याजवळ चार वर्षांची मुलगी होती आणि फॉल-पिको करायचं एक जुनं मशीन. बाकी जे काही आहे ते मी भांडून मिळवलं आहे. पंडरीच्या कापड बाजारात ठोक व्यापारी मला पाहिलं की पंखा लावतात पण चहा सांगत नाहीत, कारण चहा आला की मी आणखी तासभर बसते.

माझी पद्धत साधी आहे. मला माल दुकानावर पोचवून हवा असेल तर मी ते आधी बोलत नाही. आधी म्हणते, रंग उतरला तर शिवलेला सगळा माल परत घ्यायचा. तो ओरडतो. मी त्याच्यापेक्षा जोरात ओरडते. दोनदा उठून दारापर्यंत जाते. मग म्हणते, बरं, परत नको घेऊ, निदान माल तरी दुकानावर पोचव. तो पोचवतो, वर आपण वाचलो म्हणून खूश होतो. वीस वर्षं मी असाच धंदा केला.

आता बसचं सांगते. बीरगांवहून सकाळी साडेसातला एक सिटी बस निघायची आणि जुन्या शहरात यायची. माझ्याकडच्या नऊ बायांपैकी सहा त्या बसने येत. एक दिवस बस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने कळलं, त्या बाजूच्या सहाही बस दुरुस्तीला गेल्या आहेत. मी स्वतः डेपोत जाऊन पाहिलं. टायर बसलेले, काचा गेलेल्या, एका बसच्या खिडकीतून वेल आत शिरून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचला होता. दुरुस्ती करणारं कुणी दिसलं नाही. एक चौकीदार होता, तो म्हणाला, "दीदी, फोटो मत लेना."

सहा जणींपैकी पाच कशातरी येत राहिल्या, कुणी भावाच्या गाडीवर, कुणी पायी मोठ्या रस्त्यापर्यंत. अडचण सहावीची होती, आणि ती माझी कटिंगवाली होती.

शिवणारी बाई मिळते. कापणारी मिळत नाही. कापडाचे चाळीस थर एकावर एक घालायचे, फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि असं कापायचं की सगळ्यात वरची पँट आणि सगळ्यात खालची पँट एकाच मापाची निघाली पाहिजे. ही बाई वाया जाणाऱ्या चिंध्यांतून खिशाचे तुकडे काढायची. तिचा नवरा रोलिंग मिलमध्ये पाळीने जातो, सासू अंथरुणावर. साडेसातच्या बसने ती आठ-सव्वाआठला टेबलाशी असायची आणि चारला निघायची. आता ऑटो दोनदा बदलायचा, आणि भरल्याशिवाय ऑटो निघत नाही. तिला साडेदहा वाजायला लागले. कापून मिळाल्याशिवाय शिवायला काही नसतं. आठ मशीनवर आठ जणी नुसत्या पाय हलवत बसलेल्या मी पाहत होते आणि माझं डोकं फिरत होतं.

मी तिच्यावर ओरडले. तिने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "दीदी, घर तीर के फैक्टरी म पैकिंग के काम मिलत हे. होरी तक देखहूँ."

होळीपर्यंत, मग घराजवळच्या कारखान्यात. नव्या वर्षाच्या युनिफॉर्मचं मोठं कापणं होळीनंतरच सुरू होतं. म्हणजे मला बस हवी होती, एक, सकाळची, होळीच्या आत. दुसरं काही नको होतं.

आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव. निवडून आली बायको, पण पोस्टरवर दोघांचे चेहरे होते आणि नवऱ्याचा मोठा होता. लोक त्याला पार्षदजी म्हणतात, तिला मॅडम. तक्रार घेऊन गेलं की पोर्चमध्ये तो बसलेला असतो. शिक्का त्याच्या खिशात. आमच्याकडे हे इतकं रुळलेलं आहे की मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याच्याशीच बोलायला गेले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बातमी सांगितली. तीन शहरं जोडणारी रेल्वे येणार आहे, जलद, नवा रायपूरपासून पार पलीकडपर्यंत. तिच्यासाठी प्रत्येक पालिकेने आपला वाटा द्यायचा आहे. बजेटच्या सभेत ठरेल.

"दीदी, पैसा तो एक ही है," तो म्हणाला. "रेल में डालो तो बस नहीं बनेगी, नाली नहीं बनेगी. बस में डालो तो ऊपर वाले बोलेंगे, तुम लोग विकास के खिलाफ हो. सदन में खींचतान है. जनता का कागज हाथ में रहेगा तो मैं बोल पाऊँगा."

सदनात तो कसा बोलणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. पडद्याआड त्याची बायको उभी होती. तिने तिथूनच विचारलं, "कितने बजे की बस थी, दीदी?"

मी म्हटलं, "साडे सात."

"तुम अंदर देखो," तो तिला म्हणाला. ती आत गेली.

मी विचार केला. एक बस मागितली तर हे अर्ध्या बसचं आश्वासन देतील. म्हणून मी त्याला माझा हिशेब उघड सांगितला. अर्जात पहिली मागणी रेल्वेची: ती झालीच पाहिजे आणि आमच्या बाजूला स्टेशन मिळालं पाहिजे. दुसरी, सहा बस दुरुस्त करा. तिसरी, निदान सकाळची एक सुरू करा. पहिलीवर तुम्ही ओरडा, टेबल ठोका, मग खाली या. तिसरी घेऊन या.

तो इतका हसला की खुर्ची मागे झुकली. "दीदी, आप तो पंडरी वालों को उन्हीं का कपड़ा बेच दो. समझ गया. एक नंबर दिखाने का, तीन नंबर लेने का."

"पक्का?"

"पक्का."

त्याने हात पुढे केला. मी हात मिळवला. माझ्या धंद्यात एवढं पुरतं.

अर्ज माझ्या मुलीने टाइप केला. ती नवा रायपूरला एका ऑफिसात आहे. आम्ही दोघी तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहतो. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमच्या घरात नेहमीचं.

"आई, रेल तो सच में चाहिए," ती म्हणाली. "तुम उसको दिखाने के लिए लिखवा रही हो."

"तुले तर हापिसची गाडी येते. माह्या कटिंगवालीले काय येते?"

"मुझे आती है. मेरे साथ जो गार्ड है, जो चाय वाली दीदी है, उनको नहीं आती. वो भी दो ऑटो बदलते हैं. रेल आएगी तो उनका भी होगा."

"कधी येईन रेल? तुह्या पोरीच्या लग्नाले येईन का?"

"ऐसे ही सब लोग बोलते रहेंगे तो कभी नहीं आएगी."

हे ती बरोबर बोलत होती, आणि मला त्याचाच राग आला. तिच्या ऑफिसातल्या चहावालीचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण रेल्वे यायला वर्षं जातात. माझे वडील त्या खात्यात होते, मला माहीत आहे एक फाटक हलवायला किती कागद लागतात. होळी दीड महिन्यावर होती.

टाइप करताना ती म्हणाली, तिन्ही मागण्या एका पानात बसतात. मी नको म्हटलं. रेल्वेची मागणी एकटी पहिल्या पानावर घे, मोठ्या अक्षरात, वजनदार दिसू दे. बसच्या दोन मागण्या दुसऱ्या पानावर. सह्या तिसऱ्यावर. कापड दाखवणारा पहिला ताका उलगडून पसरतो, बाकीचे घडी करून ठेवतो, तसं मला हवं होतं. मुलगी म्हणाली, "तुम्हारी मर्जी." ही माझी चूक, आणि ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

सह्या रविवारी विहारात घेतल्या. वंदना झाल्यावर मी दारात टेबल टाकून बसले. आमच्यातल्या बाया, शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया, कारखान्यात जाणाऱ्या, भाजी विकणाऱ्या. एकीने विचारलं, "काहून सही पायजे?" मी म्हटलं, "बससाठी." प्रत्येकीला मी हेच सांगितलं, बससाठी. कटिंगवालीने सगळ्यात शेवटी सही केली, सावकाश, खडूने आखते तशी. दुसऱ्या दिवशी तीन पानं पिनने लावून मी पोर्चमध्ये त्याच्या हातात दिली. त्याने वरच्या कोपऱ्यावर शिक्का मारला.

सभेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि कटिंगवालीला घेऊन गेले. वर प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, पास लागतो. पासही त्यानेच दिले होते. खाली पार्षद लोक, समोर महापौर, बाजूला अधिकारी फायली घेऊन. पार्षदबाया पुढच्या दोन रांगांत होत्या आणि त्यांचे नवरे वर आमच्याबरोबर गॅलरीत. आमच्या वॉर्डाचाही तिथेच होता, तीन खुर्च्या सोडून. त्याने मला हात केला.

आधी डासांवर तासभर भांडण झालं. मग रेल्वेच्या वाट्याचा विषय आला. मी म्हणेन, बोलणं पोरकट नव्हतं. एक म्हातारे पार्षद उठले आणि म्हणाले, आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो, तुम्ही रेल्वे दाखवता, लोकांनी रेल्वे प्यायची का? सगळे हसले. अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की आपण वाटा दिला नाही तर वरून येणारा पैसाही थांबतो, आणि रेल्वे झालीच तर स्टेशन दुसऱ्याच्या हद्दीत जातं, मग पुढची पन्नास वर्षं रडत बसा. एक तरुण पार्षद म्हणाला, डेपोतल्या बस आधी दुरुस्त करा, जे आहे ते चालत नाही आणि नवीन कसलं मागता. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "बैठ भाई, तेरे वार्ड में तो बस जाती ही नहीं थी!" माझ्या अंदाजाने दोन्ही बाजू जवळपास सारख्या होत्या. अशा वेळी बाजारात एक माणूस थोडा खाली आला की सौदा होतो. मी वाट पाहत होते.

आमची पार्षदबाई उभी राहिली. मी तिला सदनात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नसावं, कारण सगळे वळून तिच्याकडे पाहू लागले. हातात कागद. ती वाचू लागली, आवाज बारीक पण स्पष्ट.

"माननीय महापौर जी, मेरे वार्ड की बहनों ने हस्ताक्षर करके यह माँग भेजी है..."

आणि तिने पहिलं पान वाचलं. माझी मोठी अक्षरं. रेल्वे झालीच पाहिजे, आमच्या बाजूला स्टेशन मिळालंच पाहिजे. मग तिने पान उलटलं आणि सह्या वर धरून दाखवल्या. बाकं वाजली. जे तासभर डासांवरून भांडत होते तेही बाकं वाजवत होते. महापौर म्हणाले, गरीब काम करणाऱ्या बहिणी पुढचा विचार करतात आणि आपण टँकरवर अडकलो आहोत. ती खाली बसली.

सहा बस नाही. एक बस नाही.

मग हात वर झाले. बस दुरुस्तीची तरतूद रेल्वेच्या वाट्यात वळवली गेली. तिचा हातही वर होता. तो तरुण पार्षद एकटाच काहीतरी ओरडत राहिला.

कटिंगवालीने माझ्या कोपराला धरलं. "दीदी, ये तो हमर कागज आय न?"

"हव," मी म्हटलं.

तिने रागाने नाही, खरंच समजत नाही म्हणून कारण विचारलं, "बस चाही रहिस, त पहिली रेल काबर लिखाय?"

तिला काय सांगायचं? वीस वर्षं मी हे केलं आणि एकदाही समोरच्याने माझी पहिली मागणी उचलून खिशात टाकली नव्हती. कापड व्यापारी ती उचलत नाही कारण त्याला त्यात तोटा असतो. इथे कुणाचाच तोटा नव्हता. त्यांना रेल्वे पास करायचीच होती, त्यासाठी गरिबाचं नाव कमी पडत होतं, ते मी मोठ्या अक्षरात टाइप करून शिक्का मारून घेऊन दिलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. लोक होते, मला पर्वा नव्हती.

"तीन नंबर कुठं हाय?"

"दीदी, धीरे बोलिए."

"तीन नंबर लेने का, बोला होता न तू? हात दिला होता न?"

"अरे दीदी, एक नंबर ही मिल गया! लोग मिठाई बाँटते हैं, आप लड़ रही हैं."

"मले एक नंबर नाही पायजे होता."

"तो लिखा क्यों?" त्याने आजूबाजूच्यांकडे पाहून खांदे उडवले. एकदोघं हसले. "और देखिए, मैंने कोशिश की. वोट तो मॅडम का है. मैं कौन होता हूँ? मैं तो पार्षद हूँ भी नहीं."

निवडणूक झाल्यापासून हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं असेल. मी त्याची कॉलर धरली असती. कटिंगवालीने माझा पदर मागून घट्ट धरला होता.

तेवढ्यात पार्षदबाई जिन्यावरून खाली आली. मी तिच्याकडे वळले. "मॅडम, बस का क्यूँ नहीं पढ़ा? आपने खुद पूछा था कितने बजे की."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. फाइल उघडून माझ्यासमोर धरली. पहिलं पान, आणि सह्यांचं. पिनची दोन भोकं वरच्या कोपऱ्यात, आणि पिन नवी, दुसऱ्या जागी लावलेली. मधलं पान नव्हतं.

"मेरे पास इतना ही आया, दीदी," ती म्हणाली.

"गाड़ी लग गई," नवरा म्हणाला. तिने फाइल मिटली आणि ती गाडीत बसली.

मी सात दिवस पोर्चमध्ये जात राहिले. कधी तो बाहेरगावी, कधी मॅडम पूजेत, कधी मीटिंग. आठव्या दिवशी निरोप आला की रेल्वेच्या कामाला गती देणाऱ्या बहिणींचा सत्कार ठेवला आहे, शाल घ्यायला या. मी निरोप आणणाऱ्याला जे सांगितलं ते लिहिता येत नाही.

होळी झाली. कटिंगवाली बोलल्यापेक्षा चार दिवस जास्त आली, मग थांबली. जायच्या दिवशी तिने सगळे फर्मे मापाप्रमाणे दोरीत ओवून खिळ्याला टांगले आणि प्रत्येकावर खडूने खूण केली. भांडण नाही, रडणं नाही. "आथँव दीदी," म्हणाली, येते म्हणून. आली नाही. कारखाना तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, सासूला दुपारी जाऊन पाहता येतं. तिच्या जागी मी असते तर महिनाभर आधीच गेले असते.

आता कापते मी. वीस थरांच्या वर माझा हात जात नाही. पहिल्याच आठवड्यात एका शाळेच्या पँटी वरून बरोबर आणि खालून आखूड निघाल्या, सगळं उसवून पुन्हा करावं लागलं. मुलगी रविवारी दुकानात येऊन खडूने आखून देते. ती अजूनही म्हणते की रेल्वे चांगलीच आहे. मी अजूनही म्हणते की असेल. माझं भांडण रेल्वेशी नाही.

माझी चूक मी इथे लिहून दिली आहे. जे हवं ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, आणि एकाच पानावर. पण पान माझ्या चुकीने गायब झालं नाही. कुणीतरी पिन काढली, मधला कागद बाजूला केला आणि दुसरी पिन लावली. शब्द देणारा म्हणतो मी पार्षदच नाही. मग मी त्याला का विचारू? मत तुमचं होतं, मॅडम. हात तुमचा वर झाला. वॉर्डाची पुढची बैठक असेल तेव्हा नवऱ्याला घरी ठेवून एकट्या या, तो बसतो त्या खुर्चीवर स्वतः बसा, आणि ज्या बायांनी बससाठी सह्या केल्या त्यांच्यासमोर सांगा: दुसरं पान कुणी काढलं, ते तुम्हाला केव्हा कळलं, आणि कळल्यावर तुम्ही काय केलं. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.